सोन्याची नरसाळी आकाशात



लग्नाचा बस्ता बांधायला आपल्यापैकी पुष्कळ जण मुंबईला हिंदमाताला जाऊन आले असतील. दादर आणि परळ यांच्या मधला हा भाग. रस्त्याच्या कडेने कापडाची दुकाने, आणि दुकानाबाहेर पिशव्या सांभाळत बसलेली घरातली वडीलधारी माणसे. पण हेच ठिकाण पावसाळ्यात पाहावे. मुंबईत जोराचा पाऊस झाला की पाणी तुंबल्याच्या बातमीत पहिले नाव हिंदमाताचे असते. कारण साधे आहे. ती जागा बशीसारखी खोलगट आहे. आजूबाजूच्या उंच भागावर पडलेला पाऊस उतार धरून तिथे येतो आणि भरतीची वेळ असली तर समुद्रही ते पाणी घेत नाही. अलीकडे महापालिकेने जवळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या आणि भरती ओसरेपर्यंत पाणी त्यांत साठवायची सोय केली. आपण शेततळ्यात पाणी हवे म्हणून साठवतो, मुंबईकर नको म्हणून साठवतात! असो.

आज मला पाण्याविषयी बोलायचे नाही, उजेडाविषयी बोलायचे आहे. दुर्बिणीचा मुख्य आरसा म्हणजे उजेडाची अशीच एक बशी. ताऱ्याकडून येणारा उजेड अगदी विरळ असतो, हलक्या भुरभुरीसारखा. तो मोठ्या अंगावर झेलायचा आणि एका ठिकाणी आणून गोळा करायचा, एवढेच त्या आरशाचे काम. पाणलोटाची कामे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच उमजेल. नाल्यावरच्या बंधाऱ्यात पाणी किती येणार हे बंधाऱ्याच्या लांबीवर ठरत नाही, वरचे पाणलोट क्षेत्र किती यावर ठरते. आरशाचा व्यास दुप्पट केला तर त्याचे क्षेत्र चौपट होते आणि उजेडही चौपट मिळतो. म्हणून जगभरातले शास्त्रज्ञ मोठ्यात मोठा आरसा करण्यामागे लागलेले असतात.

आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर अशी एक दुर्बीण आहे. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेची ती दुर्बीण २००६ साली सुरू झाली, आणि तिचा आरसा दोन मीटर व्यासाचा आहे. नारायणगावकडच्या द्राक्षवाल्यांनी खोडदच्या जाळीच्या मोठमोठ्या छत्र्या तर रोजच पाहिल्या आहेत. ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्या! त्यासुद्धा आरसेच, फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचे नव्हेत, रेडिओच्या लहरींचे. या लहरी लांबलचक असतात, म्हणून त्यांना गुळगुळीत काच लागत नाही, तारांची जाळी पुरते. ज्वारी चाळायची चाळण वेगळी आणि मैदा चाळायची वेगळी, तसेच हे.

पण काही उजेड असा आहे की तो जमिनीपर्यंत पोचतच नाही. हात मोडला म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात आपण फोटो काढतो ते क्ष-किरण. आकाशातही क्ष-किरण पुष्कळ आहेत. जिथे लाखो-कोटी अंश तापलेला वायू आहे, जिथे मेलेल्या ताऱ्याचा गोळा शेजारच्या ताऱ्याचे अंग ओरबाडून खातो आहे, जिथे कृष्णविवराच्या तोंडाशी वायू गरगरतो आहे, तिथून ते निघतात. आपल्या डोक्यावरची हवा ते सगळे शोषून घेते. ते बरेच आहे, नाहीतर पृथ्वीवर पीकही उभे राहिले नसते आणि ते कापणारा माणूसही. मात्र ते किरण पाहायचे असतील तर दुर्बीण हवेच्या वर, अवकाशातच नेली पाहिजे. अशा एका दुर्बिणीचे आरसे आपल्या मुंबईत, हिंदमाताहून सरळ दक्षिणेला कुलाब्याच्या टोकाशी तयार झाले. त्याची हकिगत आज सांगतो.

आरसा, पण समोर धरायचा नाही

अडचण पहिल्याच पायरीला येते. क्ष-किरण आरशावरून परतत नाहीत. साधा उजेड आरशावर पडला की उलटून येतो, पण क्ष-किरण समोरून पडला तर आत घुसतो आणि तिथेच जिरतो. हाडाचा फोटो निघतो तो किरणांच्या याच घुसण्याच्या गुणामुळे. मग यांना गोळा करायचे कसे?

उत्तर गावच्या तळ्यावर सापडेल. दगड सरळ खाली टाकला तर तो डुबुक करून बुडतो. पण चपटा दगड घेऊन पाण्याला जवळजवळ समांतर भिरकावला तर तो टप्पे खात पलीकडे जातो. पाणी तेच, दगड तोच, फक्त येण्याचा कोन वेगळा. क्ष-किरणांचेही तसेच आहे. त्यांना आरशाच्या अंगाला अगदी निसटते चाटून जाऊ दिले, तर ते आत न शिरता थोडेसे वळून पुढे निघतात. हा कोन किती? जास्तीत जास्त एका अंशाच्या आसपास. आपल्या समपातळी बांधबंदिस्तीच्या भाषेत सांगायचे तर शंभर फुटांत पावणेदोन फूट उतार. डोळ्याला हा उतार धड दिसतही नाही. त्याहून उभा किरण आला की संपले, तो जिरला.

म्हणून क्ष-किरणांच्या दुर्बिणीचा आरसा बशीसारखा नसतो, नरसाळ्यासारखा असतो. रॉकेल ओतायच्या नरसाळ्याची खालची नळी कापून टाका आणि त्याची भिंत जवळजवळ उभी करा. किरण वरच्या रुंद तोंडातून आत येतो, भिंतीच्या आतल्या अंगाला चाटतो, जरा आत वळतो. त्याच्या खाली दुसरे नरसाळे, थोड्या जास्त उताराचे. तिथे तो पुन्हा चाटतो, पुन्हा वळतो, आणि मग दोन मीटर अंतरावर ठेवलेल्या कॅमेऱ्यावर जाऊन पडतो.

पण असे एकच नरसाळे ठेवले तर फारच थोडे किरण हाती लागतील. कारण भिंत जवळजवळ उभी आहे. वरून पाहिले तर दिसते ती फक्त एक बारीक कडा, बाकी सगळी मधली पोकळी. त्या पोकळीतून किरण नुसतेच निघून जाणार. मग त्यात दुसरे नरसाळे बसवायचे, त्यात तिसरे, त्यात चौथे. भांड्यांच्या दुकानात एकात एक घातलेल्या वाट्या असतात तशी. मुंबईच्या दुर्बिणीत अशी चाळीस नरसाळी एकात एक बसवलेली आहेत. सर्वांत बाहेरच्याचा व्यास साधारण २६ सेंटीमीटर आणि सर्वांत आतल्याचा त्याच्या निम्मा. प्रत्येकाची उंची अवघी १० सेंटीमीटर. ही झाली वरची फळी, खाली तेवढ्याच चाळीसांची दुसरी फळी. प्रत्येक नरसाळे चार तुकड्यांत केलेले. चाळीस दुणे ऐंशी, ऐंशी चोक तीनशे वीस. असे एकूण ३२० आरसे.

कुलाब्याची कार्यशाळा

डॉ. होमी भाभांनी १९४५ साली सुरू केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आज कुलाब्याला नेव्हीनगराच्या शेवटाला, समुद्राला लागून आहे. खोडदच्या छत्र्याही याच संस्थेच्या. भारताने 'ॲस्ट्रोसॅट' नावाची अवकाशातली वेधशाळा करायची असे ठरले आणि २००४ साली तिला मंजुरी मिळाली. इस्रोबरोबर देशातल्या अनेक संस्था कामाला लागल्या. तिच्यावरची मृदू क्ष-किरणांची दुर्बीण करण्याचे काम कुलाब्याच्या संस्थेकडे आले आणि प्राध्यापक कुलिंदर पाल सिंग त्याचे प्रमुख होते. मृदू क्ष-किरण म्हणजे दवाखान्यातल्यापेक्षा कमी जोराचे. कॅमेरा इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या मदतीने झाला, आरसे मात्र मुंबईत. पत्र्याच्या आरशांची ही रीत अमेरिकेत आणि जपानात आधीपासून वापरात होती. आपल्याकडे ती शिकून, हात बसवून घेऊन करायची होती. मंजुरीपासून उड्डाणापर्यंत अकरा वर्षे गेली. कोयीचा आंबासुद्धा याच्या आधी फळतो!

आता आरसा कसा झाला ते जरा सावकाश सांगतो, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त हेच आवडले.

काचेचा आरसा घासून करता येतो, पण चाळीस काचा एकात एक बसवायच्या तर त्यांची जाडीच सगळी जागा खाणार आणि वजनही भारी होणार. म्हणून इथे ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला. जाडी किती, तर ०.२ मिलिमीटर. पोस्टकार्डाएवढी म्हणा. हा पत्रा मापाने कापायचा, साच्यावर ठेवून तापवायचा आणि त्याला नरसाळ्याच्या चतकोराचा आकार आणायचा. आकार आला, पण पत्र्याचे अंग खडबडीत ते खडबडीतच. क्ष-किरणांना चालणारा गुळगुळीतपणा म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग एवढाच उंचसखलपणा. पत्रा कितीही घासला तरी तिथवर जात नाही.

इथे मायबहिणींनी लक्ष द्यावे. तुम्ही स्टीलच्या ताटाला तुपाचा हात लावून त्यावर आंब्याचा रस पसरता आणि उन्हात वाळवता. वाळल्यावर आंबापोळी सोडवून पाहिली तर तिची वरची बाजू सुरकुतलेली असते, पण ताटाला टेकलेली बाजू ताटासारखीच चकचकीत. रसाला कोणी घासले नाही. ताटाचा गुळगुळीतपणा त्याने उचलला. कुलाब्याच्या कार्यशाळेत नेमके हेच केले. अतिशय गुळगुळीत काचेची जाड नळी घेतली. पूर्ण निर्वात पेटीत तिच्यावर सोन्याचा पातळ थर चढवला. मग पत्र्यावर चिकट राळेचा एक बारीक फवारा मारला आणि पत्रा त्या सोनेरी काचेवर दाबून बसवला. ऊब देऊन राळ पक्की होऊ दिली. नंतर पत्रा काचेपासून हलकेच सोडवला. सोने काचेला फार घट्ट चिकटत नाही, राळेला मात्र चिकटते. त्यामुळे सोन्याचा थर काच सोडून पत्र्याबरोबर आला, आणि येताना काचेचा गुळगुळीतपणा अंगावर घेऊन आला.

लिहायला सोपे आहे. पत्रा बसवताना आत हवेचा एक बुडबुडा राहिला, तर तिथे फोड येतो. धुळीचा एक कण राहिला, तर तिथे टेंगूळ येते. राळ कमीजास्त झाली, तर पत्रा सुकताना वाकतो. मुंबईची हवा दमट आणि खारी, कुलाब्याला तर समुद्र भिंतीला लागून. म्हणून हे काम धूळ गाळलेल्या, दमटपणा आवरलेल्या बंद खोलीत करायचे, डोक्याला टोपी, तोंडाला फडके, हातात मोजे. बोटाचा तेलकट डाग जरी लागला तरी तो आरसा गेला.

सोनेच का, असे घरात कोणीतरी विचारीलच. दोन कारणे. एक तर सोन्याचा अणू जड असतो आणि जड धातूवरून क्ष-किरण निसटत्या कोनात चांगले वळतात. दुसरे म्हणजे सोने काळवंडत नाही. चांदी असती तर वर्षभरात तिचे रूप पालटले असते. सोने किती लागले असेल? मी कागदावर ढोबळ हिशेब मांडला. थराची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या जरा वर, आणि ३२० आरशांचे मिळून क्षेत्र पाचएक चौरस मीटर. उत्तर येते तोळ्याच्या आसपास! एवढ्या सोन्यात आपल्याकडे धड मंगळसूत्र होत नाही. अमेरिकेने २५ डिसेंबर २०२१ रोजी जी जेम्स वेब नावाची प्रचंड दुर्बीण सोडली, तिच्या साडेसहा मीटरच्या आरशालासुद्धा ४८ ग्रॅम म्हणजे चार तोळ्यांहून थोडेच अधिक सोने लागले. खर्च सोन्याचा नसतो, हाताचा आणि वेळेचा असतो.

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवणशक्ती पाहतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचे. पण तिथे शंभरातल्या सत्तर-ऐंशी दाण्यांवर आपले भागते. इथे प्रत्येक दाणा उगवायला हवा होता. म्हणून आरसे उजेडाच्या आणि क्ष-किरणांच्या झोतात धरून तपासायचे आणि नापास ते बाजूला काढायचे. मग खाचा पाडलेल्या पट्ट्यांमध्ये एकेक पत्रा सरकवून बसवायचा, शेजारच्या दोघांना न लागता. आणि हे सगळे झाल्यावर अग्निबाणाच्या हादऱ्यांत ते टिकले पाहिजे. मालमोटारीतून टोमॅटो वाशीला नेताना काय होते ते आपण जाणतो. इथे पोस्टकार्डाएवढ्या जाडीचे ३२० पत्रे, आणि वरती गेल्यावर हात लावायला कोणी नाही. जमिनीवरच हादरवून, तापवून, गोठवून जे काय पाहायचे ते पाहून घ्यायचे.

काटा खोटा असला तर

तपासणीचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांची 'हबल' नावाची दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी आकाशात गेली. तिचा काचेचा आरसा २.४ मीटर व्यासाचा. इतका काळजीपूर्वक घासलेला आरसा त्याआधी क्वचितच झाला असेल. वर गेल्यावर पाहतात तो चित्रे पुसट! शोध घेतला तेव्हा कळले की आरशाची कड हवी त्यापेक्षा २.२ मायक्रॉन जास्त सपाट आहे. केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग म्हणा.

घासणाऱ्याचा हात चुकला नव्हता. ज्या उपकरणाने आरसा तपासत होते त्या उपकरणातले एक भिंग सव्वा मिलिमीटरच्या आसपास भलत्या जागी बसले होते. त्यामुळे ते उपकरण चुकीच्या आकाराला 'बरोबर' म्हणत राहिले, आणि कारागीर त्याच चुकीच्या आकाराकडे मोठ्या निष्ठेने घासत गेले. आता खरा भाग ऐका. दुसऱ्या साध्या उपकरणांनी तपासले तेव्हा काहीतरी बिघडले आहे असे दिसले होते. पण ती उपकरणे कमी अचूक, मोठे उपकरण जास्त अचूक, म्हणून धाकट्यांचे बोलणे कोणी मनावर घेतले नाही.

बाजारात कापूस-सोयाबीन मोजून देताना इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा आकडा दोन दशांशांपर्यंत लखलखत असतो आणि आपल्याला वाटते, एवढा बारीक आकडा दाखवतो म्हणजे काटा खराच असणार. बारीक आकडा आणि खरा आकडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरून निघताना एक पोते खात्रीच्या काट्यावर मोजून न्यावे आणि तिथे पहिल्यांदा तेच पोते चढवावे. फरक आला तर तिथेच विचारावे. माती परीक्षणाचेही तेच. अहवालात काही विपरीत दिसले तर दुसरा नमुना दुसरीकडे पाठवायला लाजू नये.

हबलचे नशीब चांगले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर वर गेले आणि त्यांनी त्या चुकीला नेमके छेद देणारे भिंग-आरसे आत बसवले. चष्माच लावला म्हणायचा. ॲस्ट्रोसॅटला ही सोय नव्हती. ती पृथ्वीपासून ६५० किलोमीटर उंचीवर फिरणार होती आणि तिथे जाऊन दुरुस्ती करणारे कोणी नव्हते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही अग्निबाणाने दीड हजार किलोंची ॲस्ट्रोसॅट वर गेली. पण आरशांपुढचे झाकण लगेच उघडले नाही. नवा रंग दिलेल्या घरात काही दिवस वास येतो ना? तसे नव्या यंत्रातूनही अवकाशात गेल्यावर वाफा निघत राहतात. त्या सोन्यावर बसल्या असत्या तर अकरा वर्षांवर पाणी. म्हणून त्या निघून जाईपर्यंत थांबले, कॅमेरा उणे ८० अंशांच्या आसपास थंड केला आणि ऑक्टोबरच्या अखेरीला दारे उघडली. किरण आले, आणि कॅमेऱ्यावर ठिपका उमटला. ३२० आरशांची सगळी मेहनत, सगळी गळती वजा जाता, किरण झेलायला हाती पडलेले क्षेत्र जेमतेम ९० चौरस सेंटीमीटर. आपल्या तळहाताएवढे. त्या तळहातावर दूरच्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराजवळून निघालेले किरण पडले. यंत्राचे ठरवलेले आयुष्य पाच वर्षांचे होते. ती मुदत उलटून गेल्यावरही त्याने काम चालू ठेवले.

त्याच ॲस्ट्रोसॅटवर अतिनील किरणांची जोडदुर्बीण आहे, साधारण ३७ सेंटीमीटरच्या आरशांची. तिच्या साहाय्याने पुण्याच्या आयुकातील कनक साहा यांच्या गटाने २०२० साली ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेचा अतिनील उजेड पकडला. तो उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीही नव्हती.

मग आमच्या मोटारीचे काय?

एका शिवारफेरीत हे सगळे सांगत होतो, तेव्हा मागे बसलेल्या एका बाबांनी विचारले, "साहेब, आकाशात सोनं पाठवता, आन् आमच्या मोटारीला रात्रीची लाइट. हे कसं काय?" लोक हसले. मला हसू आले नाही, कारण प्रश्न खोटा नव्हता.

यावर ठरलेले उत्तर असे असते की अवकाश संशोधनातून पुढे हवामानाचे उपग्रह होतात, अमुक होते, तमुक होते. मी ते दिले नाही. हवामानाचे उपग्रह वेगळे आहेत, त्यांचा खर्च आणि लाभ वेगळा. या दुर्बिणीने कोणाच्या उसाला एक पाळी पाणी जास्त मिळणार नाही, हे सरळ सांगावे. मी बाबांना आकडा सांगितला. ॲस्ट्रोसॅटचा खर्च सुमारे १७८ कोटी रुपये. देशाच्या माणसांवर वाटला तर माणशी दीड रुपयाच्याही आत, तोही अकरा वर्षांत मिळून. या पैशाने राज्यातल्या विजेचा प्रश्न सुटत नाही. तो ज्या कारणांनी अडला आहे ती कारणे जमिनीवरची आहेत आणि त्यांचा जाब जमिनीवरच विचारला पाहिजे. बाबा म्हणाले, "दीड रुपया गेला तर गेला, पण लाइटीचं तुमी वर कळवा." कळवले आहे.

बाबांपेक्षा एका पत्राने मला जास्त विचारात पाडले. दहावीतल्या एका मुलीने लिहिले आहे की तिला दुर्बीण बनवायची आहे, पाहायची नव्हे, बनवायची. वडील म्हणतात, ही मोठ्या घरच्यांची कामे, आपण नर्सिंगला किंवा डी.एड.ला जावे. दादा, नर्सिंग हलके आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण वर लिहिलेले काम पुन्हा एकदा नजरेखालून घाला. पत्रा मापाने कापणे, साच्यावर वाकवणे, फवारा एकसारखा मारणे, बुडबुडा राहू न देणे, सोडवताना हात न थरथरणे. यात शास्त्रज्ञ असतात तसे तंत्रज्ञ असतात, कारागीर असतात. कोणी विज्ञानाची पदवी घेऊन येतो, कोणी आयटीआय किंवा पदविका करून येतो. ठिबकच्या नळीला मापात भोक पाडणारा आणि कलमाची काडी तिरकी कापून डोळा न दुखावता बांधणारा हात आपल्या घरात आहेच. मुलीला विज्ञान शाखेला घाला, गणित सोडू देऊ नका. मुंबईत मानखुर्दला याच टाटा संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, शाळेच्या मुलांसाठीच्या विज्ञान ऑलिंपियाडची कामे तिथून चालतात. शाळेच्या मास्तरांना पत्र घालायला सांगा. आयुकात २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सर्वांना दार उघडे असते, तिथे एकदा घेऊन जा.

आणि तोवर थांबायचीही गरज नाही. साध्या उजेडाचा आरसा घरच्या पडवीत घासता येतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशाच्या हौशी लोकांना एकत्र आणते आहे, आणि असे आरसे स्वतःच्या हाताने घासलेली माणसे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचेच्या चकत्या घ्यायच्या. एक पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी टाकायचे, दुसरी चकती वर ठेवून मागेपुढे घासायची. थोड्या थोड्या वेळाने चकती फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे. जात्यासारखेच आहे, फक्त गोल न फिरवता सरळ रेटायचे. गंमत अशी की वरची चकती आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. भुकटी जाडीकडून बारीककडे बदलत न्यायची, आणि प्रत्येक वेळी सगळे काही धुऊन काढायचे. जाड भुकटीचा एक कण मागे राहिला तर तो महिन्याच्या कामावर ओरखडा काढतो. शेवटी डांबरासारख्या राळेवर झिलई, आणि मग फुकोची परीक्षा. दिवा, बारीक छिद्र आणि दाढीचे पाते, एवढ्यावर केसाच्या शंभराव्या भागाहून कमी चूक डोळ्याला दिसते. फुको नावाच्या फ्रेंच गृहस्थाने ती १८५८ च्या सुमारास शोधली आणि आजही ती चालते. चांदण्या रात्री त्या आरशातून गुरूचे चार चंद्र आणि शनीचे कडे स्वच्छ दिसते.

दोन सूचना मात्र पाळा. काच कोरडी घासू नये, तिची धूळ छातीला वाईट. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, क्षणभरही नाही, डोळा कायमचा जातो.

त्या मुलीला मी वेगळे पत्र पाठवले आहे. आणखी कोणाला आरसा घासायचा असेल तर या स्तंभाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकावे, चकत्या आणि भुकटी कशी मिळवायची ते कळवीन. पुढच्या अंकात हरभऱ्यावरच्या घाटे अळीविषयी. कामगंध सापळे आताच आणून ठेवा.